पर्पेतुआ नक्की कोण होती? एक डायरी आणि अठराशे वर्षांत तिला चिकटलेले अर्थ

मार्चचा पहिला आठवडा आला की फेसबुक-इन्स्टावर पर्पेतुआ नावाच्या एका बाईचं चित्र फिरायला लागतं. ७ मार्चला कॅथलिक चर्चमध्ये तिचा आणि तिच्यासोबत ख्रिस्ती श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या फेलिसिटीचा सण असतो आणि दुसऱ्याच दिवशी महिला दिन, त्यामुळे दोन्हीकडच्या पोस्ट एकमेकींत मिसळून जातात. एक पोस्ट तिला इतिहासातली पहिली फेमिनिस्ट म्हणते, दुसरी सांगते की ही आयांची आणि गरोदर बायकांची संत, आणि खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारतं की अहो, अंगावर पिणारं बाळ टाकून मरायला गेली त्यात कौतुक कसलं.

गोंधळ होणारच, कारण यातली प्रत्येक पोस्ट पर्पेतुआबद्दल नंतर कुणीतरी काढलेल्या एखाद्या अर्थावर उभी असते. तिने स्वतः लिहिलेलं फार कमी जण वाचतात. आणि खरी थक्क करणारी गोष्ट तीच आहे, की इसवी सन २०३ मध्ये तुरुंगात बसून एका बावीस वर्षांच्या मुलीने लिहिलेलं आज आपल्याला वाचता येतं.

आधी प्रसंग काय होता ते बघू

जागा कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, ट्युनिस शहराला लागूनच. तेव्हा हा रोमन आफ्रिकेचा भाग, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस. पाचेक जणांना अटक होते: रेव्होकातुस आणि फेलिसिटी हे दोघं गुलाम, सातुर्निनुस, सेकुंदुलुस आणि विबिया पर्पेतुआ. सगळे नवीन ख्रिस्ती, अजून बाप्तिस्माही (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) झालेला नव्हता, तो अटकेनंतर झाला. त्यांना शिकवणारा सातुरुस अटकेच्या वेळी तिथे नव्हता, त्याने नंतर आपणहून स्वतःला पकडून दिलं.

पर्पेतुआ चांगल्या घरातली, शिकलेली, रीतसर लग्न झालेली, आईवडील हयात, दोन भाऊ, आणि मांडीवर तान्हा मुलगा. फेलिसिटी गुलाम होती आणि आठ महिन्यांची गरोदर. ७ मार्चला सम्राटाचा धाकटा मुलगा गेटा याचा वाढदिवस, त्यानिमित्त आखाड्यात खेळ ठेवलेले, आणि त्या खेळात जनावरांपुढे सोडायला ही माणसं.

हुतात्मा हा शब्द लेखात पुन्हा पुन्हा येईल म्हणून एकदाच सांगते. ख्रिस्ती परंपरेत हुतात्मा म्हणजे असा माणूस, ज्याला श्रद्धा नाकारून जीव वाचवायची संधी होती आणि त्याने ती घेतली नाही. पर्पेतुआला ती संधी एकदा नाही, अनेकदा मिळाली.

रोमन लोकांना एवढं काय खटकत होतं?

आपल्या डोक्यात सिनेमातलं चित्र असतं, की रोमन सैनिक रोज घराघरात शिरून ख्रिस्ती लोकांना शोधतायत आणि रोज सिंहांपुढे टाकतायत. तसं नव्हतं. साधारण ११२ साली सम्राट ट्राजनने प्लिनी नावाच्या गव्हर्नरला कळवलेलं होतं की यांना शोधत फिरू नका, पण कुणी तक्रार केली आणि गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा करा, आणि आपल्या देवांची पूजा करून दाखवली तर सोडून द्या. साम्राज्यातल्या प्रत्येकाने बळी अर्पण केलाच पाहिजे असा सरसकट हुकूम डेसियसच्या काळात, २५० च्या आसपास आला, म्हणजे पर्पेतुआ गेल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनी. तोपर्यंत सगळं त्या त्या गावचं वातावरण, शेजाऱ्यांचा राग आणि अधिकाऱ्याची मर्जी यावर चालायचं.

आणि सम्राटाच्या कुशलतेसाठी बळी अर्पण करणं हे रोमन माणसाला फक्त देवाधर्माचं काम वाटत नव्हतं. राष्ट्रगीत सुरू झालं आणि हॉलमध्ये एकच जण बसून राहिला तर आजूबाजूचे लोक कसे बघतात, तशातली ती गोष्ट होती, तू मनातून काय मानतोस ते तुझं तू बघ पण सगळ्यांसोबत उभा राहा, एवढीच अपेक्षा, आणि एवढंही न करणारा माणूस म्हणजे सगळ्या गावावर देवांचा कोप ओढवून घेणारा. त्यामुळे न्यायाधीशाला समोरची मुलगी राक्षसीण वाटत नसते, हट्टी वाटत असते.

ती स्वतः काय लिहिते

मूळ लॅटिन मजकुराचे २१ छोटे भाग आहेत. त्यातले ३ ते १० पर्पेतुआचे, ११ ते १३ सातुरुसला पडलेलं स्वप्न, आणि सुरुवात व शेवट एका अनामिक संपादकाचा. तिचे भाग वाचताना पहिली जाणवते ती भाषा. साधी, तुटक, हे झालं मग ते झालं अशी. देवाधर्मावर प्रवचन जवळजवळ नाहीच, घरच्या गोष्टीच जास्त.

सुरुवातच वडिलांशी झालेल्या वादाने होते. ते म्हणतात सोडून दे हे सगळं. ती जवळ पडलेलं एक भांडं दाखवते आणि विचारते, बाबा, याला जे आहे ते सोडून दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारता येईल का? ते म्हणतात नाही. मग मी पण जे आहे ते सोडून दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही, मी ख्रिस्ती आहे. वडील इतके चिडतात की डोळे उपटून काढतील असे अंगावर येतात, आणि मग निघून जातात, आणि ती प्रामाणिकपणे लिहिते की ते काही दिवस आले नाहीत तेव्हा मला बरं वाटलं.

मग तुरुंग. असा अंधार मी कधी पाहिला नव्हता, असं ती लिहिते. गर्दी, उकाडा, शिपायांची दांडगाई आणि या सगळ्यात डोक्यात एकच विषय, बाळ. तेर्तियुस आणि पोम्पोनियुस हे चर्चचे दोन सेवक पहारेकऱ्यांना पैसे चारतात तेव्हा कुठे या लोकांना काही तास जरा बऱ्या जागेत बसायला मिळतं आणि ती भुकेने मलूल झालेल्या पोराला पाजते. पुढे बाळाला तुरुंगात सोबत ठेवायची परवानगी मिळते आणि ती लिहिते की त्या क्षणी तुरुंग मला महालासारखा झाला, दुसरीकडे कुठे असावंसंच वाटेना.

वडील पुन्हा येतात. या वेळी राग नाही. हात चुंबतात, पायाशी पडतात, माझ्या पिकल्या केसांची दया कर म्हणतात. आणि मुलीला मुलगी न म्हणता बाईसाहेब म्हणतात. ज्या समाजात बापाचा शब्द म्हणजे कायदा, तिथे बाप लेकीच्या पायाशी, आणि ती हे विजयाच्या सुरात लिहीत नाही, तिला त्यांचं वाईट वाटतं आणि ते तसंच लिहून ठेवते.

सुनावणी भर चौकात होते. तिथला मुख्य अधिकारी वारलेला असल्याने हिलारियानुस नावाचा अधिकारी त्याच्या जागी बसलेला. वडील बाळाला घेऊन येतात. हिलारियानुस सांगतो, बापाच्या म्हातारपणाकडे बघ, पोराच्या वयाकडे बघ, सम्राटांसाठी बळी अर्पण कर. ती म्हणते, नाही करणार. तू ख्रिस्ती आहेस? हो, मी ख्रिस्ती आहे. वडील मध्ये पडायला जातात तर त्यांना खाली पाडून काठीने मारलं जातं, आणि ती लिहिते की तो मार मलाच बसल्यासारखा लागला.

शिक्षा सुनावल्यावर ती बाळाला आणायला माणूस पाठवते आणि वडील बाळ द्यायला नकार देतात. पुढची ओळ अशी आहे की पोराने पुन्हा दूध मागितलं नाही आणि माझ्या छातीलाही सूज आली नाही, ही देवाची कृपा. कुठल्याही बाळंतिणीला विचारा, दूध अचानक तोडलं की काय होतं, ताप येतो, गाठी होतात. ज्या बाईला जनावरांपुढे टाकायची शिक्षा झालीय ती या गोष्टीची नोंद करते. माझ्या मते या सगळ्या मजकुरातलं सगळ्यात खरं वाटणारं वाक्य हेच.

मध्ये मध्ये स्वप्नं आहेत. शस्त्रं लटकवलेली पितळी शिडी आणि तिच्या पायथ्याशी अजगर, ज्याच्या डोक्यावर पाय ठेवून ती वर चढते. सातव्या वर्षी चेहऱ्याच्या दुखण्याने गेलेला धाकटा भाऊ दिनोक्रातेस, आधी तहानलेला, पाण्याचा हौद त्याच्या हाताला येत नाही, आणि तिने प्रार्थना केल्यावर पुढच्या स्वप्नात पाणी पिऊन खेळायला पळणारा. आणि शेवटचं स्वप्न, ज्यात ती आखाड्यात उतरते, कपडे उतरवले जातात आणि ती लिहिते, मी पुरुष झाले, आणि एका धिप्पाड इजिप्शियन पैलवानाला लोळवते. यावर संशोधकांनी किती लिहिलंय त्याला गणती नाही. पण त्याच स्वप्नात बक्षीस देणारा माणूस तिला म्हणतो, मुली, तुला शांती असो. पुरुष झाल्यावरसुद्धा तिचं मुलगीपण तिथेच आहे, हे बरेच जण वाचताना सोडून देतात.

तिचा शेवटचा मुद्दा असा, की खेळाच्या आदल्या दिवसापर्यंतचं मी लिहिलं, प्रत्यक्ष खेळात काय झालं ते ज्याला लिहायचं असेल त्याने लिहावं.

मग लिहिणारा बदलतो

इथून संपादक सुरू होतो आणि सूरच बदलतो. वाक्यं सजवलेली, प्रत्येक घटनेला अर्थ जोडलेला. पर्पेतुआ आणि नुकतीच तुरुंगात बाळंत झालेली फेलिसिटी, या दोघींसाठी मुद्दाम पिसाळलेली गाय ठेवलेली, कारण त्या बायका, हे तोच सांगतो. त्यांना आधी नग्न करून जाळ्यात गुंडाळून आखाड्यात आणतात, पण एक कोवळी पोर आणि दुसरी ओली बाळंतीण, छातीतून दूध गळतंय, हे बघून रक्त बघायला आलेली गर्दीसुद्धा शहारते, म्हणून परत नेऊन सैल कपडे घालून आणतात. गाय पर्पेतुआला उडवते. ती उठून बसते, फाटलेला कपडा मांडीवर ओढून घेते, केस बांधायला पिन मागते, आणि फेलिसिटीला हात देऊन उभी करते. शेवटी एका शिकाऊ तलवारबाजाचा वार चुकून हाडावर बसतो, ती किंचाळते आणि त्याचा थरथरता हात स्वतःच गळ्यापर्यंत आणते. संपादक म्हणतो, अशा बाईला बहुतेक तिच्या मर्जीशिवाय मारताच आलं नसतं.

घडलं तसं असेलही. पण मांडी झाकण्याचा तपशील निवडणारा, मरताना बाई कशी दिसावी याची काळजी असणारा, तो संपादक आहे. डायरीतल्या पर्पेतुआला दुधाची चिंता होती. म्हणजे बघा, तिचा अर्थ लावायचं काम पानं उलटायच्या आतच, त्याच पुस्तकात सुरू झालं.

पुढच्या पिढ्यांनी काय काय बदललं

मूळ मजकूर बराच अवघड होता. मुलगी बापाचं ऐकत नाही, नवऱ्याचा उल्लेखच नाही, सासरचं कुणी नाही, आणि स्वतःच्या स्वप्नांच्या जोरावर मेलेल्या भावाची सुटका झाली असं सांगते. म्हणून नंतर, चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास, एक छोटी आवृत्ती तयार झाली. तिच्यात नवरा येतो, आईवडिलांसोबत रडतो. न्यायाधीशाची प्रश्नोत्तरं वाढतात, फेलिसिटीला नवऱ्याबद्दल विचारलं जातं. स्वप्नं कमी होतात, गाय जाते आणि सिंह येतो. आणि सगळ्यात मोठा बदल असा की इथे पर्पेतुआ बाळाला स्वतःच दूर लोटते आणि घरच्यांना म्हणते, चालते व्हा, मी तुम्हाला ओळखत नाही. डायरीत बाळ आणायला माणूस पाठवणारी आई कुठे आणि ही कुठे! कमेंटमधली ती "बाळ टाकून गेलेली" बाई खरं तर या आवृत्तीतली आहे. आणि मध्ययुगात युरोपभर हीच आवृत्ती जास्त वाचली गेली, तिच्या हस्तलिखित प्रती मूळ मजकुरापेक्षा कितीतरी जास्त सापडतात. संपूर्ण लॅटिन मजकूर छापून लोकांसमोर आला तो सतराव्या शतकात, आणि त्याचा ग्रीक अनुवाद जेरुसलेममध्ये सापडला १८८९ साली.

संत ऑगस्टीन हा उत्तर आफ्रिकेतलाच बिशप, पर्पेतुआनंतर दोनशे वर्षांनी. तिच्या सणाला चर्चमध्ये हा मजकूर वाचून दाखवला जायचा आणि मग तो प्रवचन द्यायचा. त्याला या बायकांबद्दल खरा आदर आहे. पण पेचही आहे, इतके पुरुष मेले आणि सण या दोघींच्या नावाने का? त्याचं उत्तर असं की दोघींची नावं एकत्र वाचली की चिरंतन सुख असा अर्थ होतो आणि सगळ्याच हुतात्म्यांना तेच मिळालं. पुढे तो म्हणतो शरीर बाईचं, दुबळं, पण आतलं बळ पुरुषाचं. दिनोक्रातेसच्या स्वप्नाचा आधार घेऊन कुणीतरी वाद घातला की बाप्तिस्मा न झालेली मुलंही सुटतात, तेव्हा मात्र ऑगस्टीन लगेच सांगतो की हा मजकूर म्हणजे काही बायबल नाही. कौतुक करायला ती चालते, धर्मशास्त्र ठरवायला नाही.

आणि इटलीत रावेन्नाला सहाव्या शतकातलं मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र आहे, सांत अपोलिनारे नुओवो चर्चच्या भिंतीवर. २२ स्त्री हुतात्मे एका रांगेत, सारख्याच भरजरी कपड्यांत, हातात मुकुट, चेहरे जवळजवळ एकसारखे. कुमारी हुतात्म्यांची मिरवणूक म्हणूनच ती ओळखली जाते आणि तिच्यात पर्पेतुआ आणि फेलिसिटी दोघी चालतायत. एक लेकुरवाळी, एक बाळंतीण. वर नावं लिहिली नसती तर ओळखताही आल्या नसत्या.

पण ती डायरी तिचीच कशावरून?

रास्त शंका. काही अभ्यासकांना वाटतं की कुण्या पुरुषाने तिच्या नावाने लिहिलं असेल. बहुतेक जण मात्र ती तिचीच मानतात, आणि मुख्य कारण भाषा हेच. पर्पेतुआ, सातुरुस आणि संपादक, तिघांची लॅटिन वेगवेगळी आहे, वाक्यांची लयसुद्धा वेगळी. शिवाय पुढच्या लोकांना ज्या गोष्टी बदलाव्याशा वाटल्या त्या इथे जशाच्या तशा आहेत. कुणी आदर्श संत रचायला बसला असता तर नवऱ्याला विसरला नसता. मला हा मुद्दा पटतो, जरी आपल्यापर्यंत आलेलं सगळं त्या संपादकाच्या हातातूनच आलंय हे लक्षात ठेवायलाच हवं.

मग तिला फेमिनिस्ट म्हणणं चूक का?

विसाव्या शतकात लोकांनी तिला नव्याने वाचलं. मानसशास्त्रवाल्यांनी स्वप्नं घेतली, स्त्री-अभ्यासवाल्यांनी तिचा आवाज घेतला, हल्ली काही जण पर्पेतुआ-फेलिसिटीकडे समलिंगी जोडप्यांच्या संत म्हणून बघतात, जरी मजकुरात तसलं नातं कुठे सांगितलेलं नाही. या वाचनांनी एक मोठं काम केलं, लोकांना परत मूळ डायरीकडे नेलं. पण बायकांचे हक्क हा तिचा विषय नव्हता. ती बापाचा अधिकार झुगारते ते दुसऱ्या एका अधिकाराला मान देण्यासाठी, आणि तो तिच्या लेखी देवाचा आहे. बरं, त्यामुळे तिचं धाडस कमी होत नाही. तिला आपल्या घोषणेत बसवायला गेलं की आपण रावेन्नाच्या कारागिरांसारखंच करतो, कपडे तेवढे आजचे.

आणि बाळाचं काय?

हा प्रश्न टाळू नये. तिने बाळाचा विचार केला नाही असं म्हणणं डायरीवरून तरी खोटं ठरतं. पण तिने एक शब्द उच्चारला असता तर बाळाला आई राहिली असती, हेही खरंच. तिच्या डोळ्यांसमोर मरणानंतरचं आयुष्य पूर्ण खरं होतं, शिडीवरून चढून जायचं तितकं खरं, हे समजून घेतल्याशिवाय तिचा निर्णय कळतच नाही. समजून घेतल्यावर पटलाच पाहिजे असं नाही. तिच्या वडिलांना शेवटपर्यंत पटला नाही, आणि तिने त्यांची बाजू न कापता, त्यांच्या रडण्यासकट लिहून ठेवली. हे तिच्यावर लिहिणाऱ्या फार थोड्यांना जमलंय.

फेलिसिटीबद्दल कुणी का बोलत नाही?

मला जास्त टोचतं ते हे. फेलिसिटीची डायरी नाही. तिच्या पोटातल्या बाळाचा बाप कोण, एक शब्द नाही. ती गुलाम, म्हणजे कायद्याने लग्नही नाही आणि मूल जन्मतःच मालकाचं. गरोदर बाईला मृत्युदंड द्यायचा नाही असा नियम होता, त्यामुळे तिची भीती उलटी होती, की सोबतचे पुढे जातील आणि मला नंतर अनोळखी गुन्हेगारांसोबत मारतील. सगळे मिळून प्रार्थना करतात, आठव्या महिन्यात कळा सुरू होतात. कळांनी ओरडते तेव्हा तुरुंगातला एक नोकर टोमणा मारतो, आत्ताच ओरडतेस, जनावरांपुढे काय करशील? ती म्हणते, आत्ता जे सोसतेय ते मी सोसतेय, तिथे माझ्या आत दुसरा कुणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे.

तिची म्हणून नोंदलेली खरी वाक्यं एवढीच, आणि तीही संपादकाने लिहिलेली. तिला मुलगी झाली, ती एका ख्रिस्ती बाईने स्वतःच्या लेकीसारखी वाढवली. मजकुरात त्या मुलीचं नाव नाही.

आपल्याकडचा धागा

लॅटिन परंपरेच्या मिस्सामधली, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतली, जी सगळ्यात जुनी मुख्य प्रार्थना आहे तिच्यात फेलिसिटी, पर्पेतुआ, अगाथा, लुसी, अग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया अशी नावं ओळीने येतात. वसईत, गोव्यात अग्नेस आणि सिसिलिया नावाच्या आज्या-मावश्या घरोघरी सापडतील, ती नावं याच यादीतली.

पण गोव्यात सगळ्यात मोठा मान मिळाला तो या यादीत नसलेल्या हुतात्मा स्त्रीला, अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनला. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा जिंकलं, तो कॅथरीनच्या सणाचा दिवस होता, म्हणून विजय तिच्या नावे केला आणि जुन्या गोव्यातलं भव्य से कॅथेड्रल तिलाच अर्पण झालं. मुख्य वेदीवर सोन्याच्या कामात तिच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. आता गंमत नाही तर दुःखाची बाब ही की कॅथरीन चौथ्या शतकाच्या सुरुवातीची म्हणतात पण तिच्या काळातला एकही पुरावा नाही, पन्नास पंडितांना वादात हरवणारी राजकन्या ही कथा काही शतकांनी दिसायला लागते. पुराव्याच्याच कारणावरून रोमच्या कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये तिचा सण सर्वसाधारण कॅलेंडरमधून काढला आणि २००२ मध्ये ऐच्छिक म्हणून परत घेतला. कथेत ती सम्राटाच्या सत्तेपुढे मान न झुकवणारी, आणि गोव्यात तिचं नाव लागलं जिंकणाऱ्या सत्तेच्या बाजूने. स्वतःचे शब्द मागे नसले की नावाचा वापर कुणी कसाही करू शकतो.

वाचायचं असेल तर

पूर्ण मजकूर तासाभरात वाचून होतो, इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट आहेत. माझा सल्ला असा की सुरुवातीपासून वाचू नका. आधी भाग ३ ते १० वाचा, तेवढाच पर्पेतुआचा आहे. मग फेलिसिटीसाठी भाग १५. मग सातुरुसचं स्वप्न आणि आखाडा. पहिले दोन भाग म्हणजे संपादकाची प्रस्तावना, हे सगळं कशासाठी वाचायचं ते तो तिथे सांगतो, ती सगळ्यात शेवटी वाचा.